फलकावर कोण दिसतं?

पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना भरात होता, तेव्हा तिथे टीव्ही, फ्रीज आणि वॉशिंग मशीन तयार व्हायची. पैठण, बिडकीन आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं बसने कामाला यायची, पाळी संपली की परत जायची. त्याच सुमारास दूरदर्शनवर या कंपनीच्या वॉशिंग मशीनची जिंगल वाजायची. आज पन्नाशीत असलेल्या कुणालाही विचारा, चालीसकट म्हणून दाखवतील. यंत्राची मोटर बसवणारे, वायरिंग जोडणारे, ड्रम फिरवून तपासणारे कितीतरी हात पुरुषांचे होते. मात्र हे यंत्र घरी पोचलं की त्याचं बटण बाईच दाबणार, हे त्या काळच्या साऱ्याच जाहिराती धरून चालत होत्या. पाहणाऱ्यांनाही त्यात काही खटकलं नाही. पुरुषाला जे यंत्र बनवता येतं ते त्याला घरी चालवता का येऊ नये, हा प्रश्न ना कंपनीने विचारला, ना ग्राहकाने.

पुढची पानं त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहेत. जाहिरात लिहिणारे, डिझाइन करणारे, फ्लेक्स छापणारे, त्यासाठी पैसे मोजणारे दुकानदार आणि रस्त्याने जाता-येता त्या पाहणारे आपण सगळे, यांच्यासाठी हे पुस्तक आहे. ते छत्रपती संभाजीनगरात बसून लिहिलं गेलं, याला महत्त्व आहे. जाहिरातींवरची बहुतेक चर्चा मुंबईत होते, कारण मोठ्या एजन्सी तिथे आहेत. पण जाहिरात पाहिली जाते ती क्रांती चौकात, टीव्ही सेंटरला, गुलमंडीवर, जालना रोडच्या सिग्नलला आणि सिल्लोडच्या बसस्थानकावर. तिथे उभ्या असलेल्या माणसाला त्या चित्रात आपण कुठे दिसतो, हे विचारायचा हक्क आहे.

जाहिरात वस्तूबद्दल काय सांगते, याकडे आपण चोख लक्ष देतो. पावडरीने डाग गेला नाही, बियाणं उगवलं नाही, क्लासने सांगितलेला निकाल खोटा निघाला, तर तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड ठेवला आहे, आणि पुन्हा तोच गुन्हा केला तर ५० लाखांपर्यंत. पण जाहिरात वस्तूबरोबरच माणसांबद्दलही बरंच काही सांगत असते. बाईने काय करावं, पुरुषाला काय शोभतं, सुंदर कोण, शिकलेलं कोण, चांगलं घर कुणाचं. या सांगण्याची पडताळणी कुणी करत नाही. वस्तूबद्दलचं खोटं महिनाभरात उघडं पडतं. माणसाबद्दलचं खोटं पिढ्यान् पिढ्या चालतं, कारण आपण त्याच्याशी स्वतःला जुळवून घेत राहतो. माझ्या मते जाहिरातीतला लिंगभेद हा आधी खरे-खोटेपणाचा प्रश्न आहे, सभ्यतेचा नंतर.

घरकामाचंच घेऊ. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. २०२४ मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली. स्त्रियांची मिनिटं २८९ वर आली, पुरुषांची ८८ वर. पाच वर्षांत पुरुषांचा वाटा वाढला नाही, उलट आणखी आक्रसला. मधल्या काळात एरियलची ‘शेअर द लोड’ ही मोहीम गाजत होती. २०१५ मध्ये सुरू झालेल्या त्या मोहिमेने कपडे धुणं हे फक्त बाईचंच काम आहे का, असं थेट विचारलं. पुढच्या वर्षीच्या चित्रफितीत मुलीची धावपळ पाहून बाप स्वतःला दोष देतो. ती फीत जगभर पाहिली गेली. मला ती मनापासून आवडते. पण जाहिरातीने घरं बदलतात, असा दावा हे आकडे पाहिल्यावर कुणी करू नये. एका चांगल्या जाहिरातीच्या मागे-पुढे शंभर जुन्या जाहिराती चालूच असतात आणि माणूस त्या शंभरांत वाढलेला असतो.

वास्तवाचा प्रश्न तर याहून साधा आहे. साबणाच्या जाहिरातीत नळ धो धो वाहत असतो. जायकवाडी एवढं मोठं धरण जिल्ह्यातच असून आपल्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांच्या खंडाने येतं. पाणी कोणत्या वारी, किती वाजता येणार यावर इथल्या बायकांचं वेळापत्रक ठरतं. कामाला सुट्टी टाकायची का, ड्रम आधी भरायचा की टाकी, धुणं आज काढायचं की पुढच्या पाळीला, हा हिशोब त्या पहाटेपासून करत असतात. कमी पाण्यात कपडे निघतात का, हे सांगणारी पावडरीची जाहिरात सिडको-हडकोत लगेच ऐकली जाईल. तिथे पांढऱ्याशुभ्र शर्टाला मिठी मारणारी आई दाखवून काय उपयोग? जाहिरात वास्तवाच्या जवळ आणणं हा व्यवसायावर लादलेला भार नाही. ग्राहक ओळखण्याची ती पहिली पायरी आहे.

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि या शहराचं रूप पालटलं. त्या एका कंपनीच्या जाहिरातींत दोन्ही टोकं सापडतात. १९८९ ची ‘हमारा बजाज’ आठवून पाहा. तिच्यात वेगवेगळ्या धर्मांचे, वयांचे, थरांचे लोक होते. स्कूटर पुसणारे, ढकलणारे, तिच्यावर घरच्यांना घेऊन निघालेले. एका वाहनात देशाला आपला चेहरा दिसला. बारा वर्षांनी, २००१ मध्ये, पल्सर आली ती ‘डेफिनेटली मेल’ हे वाक्य घेऊन. मोटारसायकल ही पुरुषच असते, असं ठासून सांगणारं ते वाक्य तरुणांना भलतंच आवडलं, गाडी तुफान खपली आणि जाहिरातीच्या अभ्यासक्रमांत ते यशाचं उदाहरण म्हणून शिकवलं गेलं. यशाबद्दल वाद नाही. पण गाडीला लिंग दिलं की रस्त्यालाही लिंग मिळतं. ज्यांना ती गाडी पेलली असती अशा किती मुलींनी शोरूममध्ये तिच्याकडे बघण्याचंही टाळलं असेल, याची नोंद विक्रीच्या आकड्यांत कुठेही होत नाही.

तोवर या रस्त्यांवर बायका गाड्या चालवत नव्हत्या असं थोडंच होतं? पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लूना आणली. मराठवाड्यातल्या कितीतरी शिक्षिका, नर्स आणि एलआयसी एजंट बायका लूनावर बसून घराबाहेर पडल्या. आज दुपारी दीड वाजता जालना रोडवर उभं राहा. चेहऱ्याभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळलेल्या, हातात कोपरापर्यंत मोजे घातलेल्या, वर पांढरा सनकोट चढवलेल्या मुली आणि बायका स्कूटरवरून भरधाव जाताना दिसतील. कुणी एमआयडीसीत निघालेली, कुणी विद्यापीठात, कुणी बँकेत, कुणी पोराला शाळेतून आणायला. मराठवाड्याच्या उन्हातली ही आजची खरी स्त्री आहे. मात्र स्कूटरच्या जाहिरातीतली मुलगी मोकळे केस उडवत, समुद्रकिनाऱ्याच्या रस्त्याने जाते. स्कार्फ बांधलेली मुलगी मी आजवर एकाही जाहिरातीत पाहिलेली नाही.

त्या स्कार्फमागे ऊन आहे, धूळ आहे, रस्त्यावरच्या नजराही आहेत. पण ‘काळी पडशील’ ही भीतीही आहेच, आणि ती भीती आपोआप आलेली नाही. आपल्याकडे गोरेपणाचा हव्यास जाहिरातींच्या आधीचा. जाहिरातीने त्याला भाव लावला आणि ट्यूबमध्ये भरला. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ मध्ये फेअर अँड लव्हली बाजारात आणलं. पुढची पंचेचाळीस वर्षं त्याच्या जाहिरातींनी एकच कथा फिरवून फिरवून सांगितली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, स्थळ नाही, मान नाही. क्रीम लावलं की सगळं मिळतं. त्यातल्या एका जाहिरातीत बाप मुलगा नसल्याची खंत करतो आणि मुलगी क्रीम लावून हवाई सुंदरी होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने त्याविरुद्ध आवाज उठवला, प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापर्यंत गेलं आणि २००३ मध्ये त्या जाहिराती पडद्यावरून गेल्या. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘ॲस्की’ने, नियम केला की रंगावरून कुणाला दुःखी, नाकारलेलं किंवा अपयशी दाखवायचं नाही. २०२० मध्ये जगभर वर्णद्वेषाविरुद्ध निदर्शनं झाली तेव्हा कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. त्याच उन्हाळ्यात शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं गाळण्याची सोय काढून टाकली. हे बदल चांगलेच झाले. पण सतरा वर्षांचं अंतर बघा. एका जाहिरातीला झालेल्या विरोधापासून एका शब्दाच्या गच्छंतीपर्यंत एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली.

हे सगळं जिथे घडतं त्याच जिल्ह्यात अजिंठा आहे, याचा विसर पडू नये. पाचव्या शतकातल्या, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातल्या त्या भिंतींवर गव्हाळ, तांबूस, सावळी, काळी, सगळ्या रंगांची माणसं शेजारी शेजारी आहेत. पहिल्या लेण्यातली सावळी राजकन्या सर्वांना ठाऊक आहे. डोक्यावर मुकुट, गळ्यात मोती, नजर खाली, आणि चित्रकाराने तिच्या कांतीवर जो हात फिरवला आहे त्यात कुठेही क्षमायाचना नाही. सतराव्या लेण्यात आरशात बघत प्रसाधन करणारी राणी आहे, शेजारी दासी आहेत. त्या दृश्यात सौंदर्य आहे, नटणं आहे, दागिने आहेत. जाहिरातवाल्यांना हवं असलेलं सारं काही तिथे आहे. गोरेपणाची अट मात्र नाही. जे लोक ‘आपल्या संस्कृतीत गोरंच चालतं’ म्हणतात त्यांनी एकदा फर्दापूरला उतरून डोंगर चढून यावं.

आता अगदी खालच्या पातळीवर काय होतं ते सांगतो, कारण या पुस्तकाची निम्मी पानं त्यासाठी खर्ची पडली आहेत. औरंगपुऱ्याजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी बराच वेळ बसून असतो. आत एक कॉम्प्युटर, बाहेर छपाईचं मशीन, कोपऱ्यात रोल, हवेत शाईचा उग्र वास. ऑपरेटर कोरलड्रॉमध्ये काम करतो. त्याच्या हार्ड डिस्कवर फोल्डर आहेत: लग्न, वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, क्लासेस, साडी, ज्वेलरी, दवाखाना. साडीच्या फोल्डरमध्ये पार्श्वभूमी कापलेल्या शेकडो बाया आहेत, सगळ्या इंटरनेटवरून उतरवलेल्या, सगळ्या गोऱ्या, सगळ्या पंचविशीतल्या, बहुतेक उत्तर भारतीय धाटणीच्या. पैठणीच्या जाहिरातीसाठीसुद्धा तो त्यांतलीच एक उचलतो. ज्या पैठणीचं गाव इथून पन्नास किलोमीटरवर आहे, ती नेसणारी इथली बाई त्या फोल्डरमध्ये नाही. दुसरी गोष्ट मला अधिक लागली. ग्राहकाचा स्वतःचा फोटो आला तरी तो आधी फोटोशॉपमध्ये जातो आणि न सांगता उजळ केला जातो. मुलीचा बारावीचा निकाल असो की आजीची श्रद्धांजली. विचारल्यावर ऑपरेटर म्हणाला, ‘नाही केलं तर गिऱ्हाईक परत येतं ना सर, फोटो काळा आला म्हणतं.’ त्याचा यात दोष नाही. तो हुशार आहे, त्याला वेळ नाही आणि चौरस फुटाच्या दरात त्याला इतकंच परवडतं. पण पन्नास वर्षांच्या क्रीमच्या जाहिराती आता त्याच्या बोटांत उतरल्या आहेत. मेलेल्या आजीचा रंगही आपल्याला तिचा ठेवता येत नाही, ही आपली अवस्था आहे.

फ्लेक्सवर दुसरंही एक चित्र दिसतं, आणि त्यात विकायची वस्तू म्हणजे नेता. स्थानिक स्वराज्य संस्थांत महाराष्ट्राने २०११ मध्ये स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखल्या. बायका निवडून आल्या, सभापती झाल्या, महापौर झाल्या. पण चौकातल्या अभिनंदनाच्या फलकावर पाहा. तिच्या फोटोशेजारी तिच्याएवढाच किंवा तिच्याहून मोठा फोटो नवऱ्याचा, दिराचा किंवा सासऱ्याचा असतो. नावाखाली ‘सौ.’ आणि कंसात कुणाची तरी ओळख. मत तिला पडलं, सही तिची चालते, पण फलकावर ती पाहुणी. महापालिका फलकाची परवानगी तपासते, आकार आणि कर तपासते. त्यावर काय छापलंय हे पाहणारं कुणी नाही.

मराठवाड्यातल्या वाचकाला सर्वांत जवळची जाहिरात शेतीची. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांची राजधानी झाली. तेव्हापासून इथल्या भिंती, कृषी सेवा केंद्रं, एसटी आणि दिनदर्शिका बियाणं, खत आणि औषधांच्या जाहिरातींनी रंगल्या आहेत. त्यांतला शेतकरी कसा दिसतो? फेटा, मिशी, हातात भरलेलं बोंड किंवा कणीस. शेतकरी म्हणजे पुरुष. कापूस वेचणारे हात कुणाचे? खुरपणी, निंदणी, सोयाबीनची कापणी, तुरीच्या शेंगा तोडणं कोण करतं? हे मराठवाड्यातल्या लहान पोरालाही माहीत आहे. जाहिरातीत ती बाई आलीच तर डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन बांधावरून येते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. शेतकऱ्यांच्या चळवळीने जे तेव्हा ओळखलं, ते बियाणं विकणाऱ्यांना अजून ओळखता आलेलं नाही. फवारणीचं औषध किती पाण्यात मिसळायचं, हातमोजे का घालायचे, ही माहिती पुरुषाचं चित्र काढून पुरुषालाच सांगितली जाते आणि त्याच शिवारात उघड्या हातांनी काम करणारी बाई त्या माहितीबाहेर राहते. इथे मुद्दा जिवाचा होतो.

जाहिरात जिवावर उठते हे महाराष्ट्राने एकदा फार जवळून पाहिलं आहे. १९८० च्या दशकात गर्भलिंगनिदानाच्या दवाखान्यांच्या जाहिराती उघड लागायच्या. लोकलच्या डब्यांत, भिंतींवर, वर्तमानपत्रांत. आज थोडे पैसे खर्च करा, पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, असा त्यांचा आशय असे. मुंबईतल्या स्त्री आणि आरोग्य चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध रान उठवलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने या चाचण्यांवर नियंत्रण आणणारा देशातला पहिला कायदा केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्याच्या २२ व्या कलमाने अशा चाचण्यांची जाहिरात करणं हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. जाहिराती इंटरनेटवर गेल्या तेव्हा २००८ मध्ये साबू जॉर्ज यांनी गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल २०१७ मध्ये लागला. कायद्याने जाहिराती पुसल्या, पण मागणी पुसली गेली नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. तेव्हा ‘जाहिरात काय, गंमत असते, एवढं मनावर का घ्यायचं’ असं कुणी म्हटलं, की मला त्या भिंती आठवतात. मुलगी म्हणजे खर्च, हे वाक्य आजही वेगळ्या कपड्यांत फिरतं. मुलीच्या लग्नासाठी आणि मुलाच्या शिक्षणासाठी बचत करा म्हणणाऱ्या जाहिरातींत ते आपण सहज ऐकून घेतो. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत तर हुंड्यासारख्या कुप्रथांचा वापर करणाऱ्या आणि स्त्रीला दुय्यम, आज्ञाधारक दाखवणाऱ्या जाहिरातींना स्पष्ट मनाई आहे. नियम कागदावर उत्तम आहे.

स्त्री-पुरुष एवढ्यावर हा विषय संपत नाही. जाहिरातीतून गायब असलेल्यांची यादी मोठी आहे. हिंदी जाहिरातीत मराठी बाई येते ती बहुतेक वेळा मोलकरीण म्हणून, नऊवारी नेसून, तोडकं-मोडकं हिंदी बोलत. मालकिणीच्या तोंडी मराठी सूर नसतो. आडनावं पाहा. जाहिरातीतल्या मराठी कुटुंबाचं आडनाव कुलकर्णी, जोशी, देशपांडे किंवा फार तर पाटील. कांबळे, गायकवाड, पवार, शेख, पठाण यांनी गॅस, विमा, तेल, टीव्ही सगळं विकत घेतलेलं असतं, पण ते त्या दिवाणखान्यात बसलेले नसतात. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय उभं केलं, ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९९४ पर्यंत लढा चालला, त्या शहरात दलित घरांतली तिसरी शिकलेली पिढी डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी आहे. शहागंज, रोशन गेटला दुकानदारीच्या पिढ्या आहेत. ही सगळी गिऱ्हाइकं आहेत. ती गिऱ्हाईक म्हणून हवीत आणि चित्रात नकोत, ही अप्रामाणिक गोष्ट आहे.

जिथे हिंमत झाली तिथे ती ठळकपणे सांगितली पाहिजे. २०१७ मध्ये विक्सच्या जाहिरातीत मुंबईच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या श्रीगौरी सावंत स्वतः आल्या, आई म्हणून. त्यांच्या मुलीच्या तोंडून ती गोष्ट सांगितली गेली आणि लाखो घरांत आई या कल्पनेची कक्षा थोडी रुंदावली. २०१३ मध्ये तनिष्कने लग्नाच्या मांडवात एक सावळी वधू बसवली, आणि फेऱ्यांच्या वेळी तिची लहान मुलगीही आत आली. पुनर्विवाह इतक्या सहज दाखवलेला आपल्या पडद्याने क्वचितच पाहिला असेल. २०२१ मध्ये कॅडबरीने आपलीच १९९४ ची क्रिकेटची जाहिरात उलटी केली. मैदानावर मुलगी, आणि आनंदाने नाचत धावणारा मुलगा. पण २०२० मध्ये त्याच तनिष्कला आंतरधर्मीय घरातल्या डोहाळजेवणाची जाहिरात गदारोळानंतर मागे घ्यावी लागली. दुकानांतल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचं कारण कंपनीने दिलं. माझ्या दृष्टीने ती माघार त्या जाहिरातीपेक्षा अधिक बोलकी होती. समावेशकतेची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न तिने उघडा केला. याच्या दुसऱ्या टोकाला २०२२ मधली लेयर शॉट या परफ्यूमची जाहिरात. सामूहिक बलात्काराची भीती ही त्यात विनोदाची कल्पना होती. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ती उतरवायला लावली. ती लिहिणाऱ्या, पास करणाऱ्या, चित्रित करणाऱ्या आणि पैसे देणाऱ्या इतक्या टेबलांवरून कुणीच ती थांबवली नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

त्याच महिन्यात, जून २०२२ मध्ये, ‘ॲस्की’ने लिंगभावाच्या साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली. साच्यात न बसणाऱ्या माणसाची टिंगल करायची नाही, बाईला गाडी लावता येत नाही किंवा पुरुषाला बाळाचं करता येत नाही असं फक्त लिंगामुळे दाखवायचं नाही, अशी त्यांची दिशा आहे. ब्रिटनमध्ये असा नियम २०१९ मध्ये आला आणि दोनच महिन्यांत तिथे दोन जाहिराती बंद झाल्या. आपली परिषद ही उद्योगाने स्वतःच १९८५ मध्ये उभी केलेली स्वयंनियमन संस्था आहे, तिला शिक्षेचे अधिकार नाहीत, पण सामान्य ग्राहक तिच्याकडे विनामूल्य तक्रार करू शकतो. या शहरातून अशा तक्रारी जाव्यात, असं मला फार वाटतं.

काही जण विचारतील, दुकानदाराने समाजसुधारणा का करावी? त्याने माल विकावा. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला धडपणे उत्तर दिलं पाहिजे. दुकानदाराकडे कुणी सुधारणा मागत नाही. त्याने आपल्या दुकानात कोण येतं ते नीट पाहावं, एवढंच मागणं आहे. पैठणी घ्यायला कोण येतं? पन्नाशीची शिक्षिका, पहिल्या पगाराची एमआयडीसीतली मुलगी, सुनेसाठी आलेली वैजापूरची सासू, बायकोला सरप्राइझ द्यायला आलेला रिक्षावाला. फलकावर मात्र यांच्यापैकी कुणी नसतं. युनिसेफ आणि गीना डेव्हिस संस्थेच्या २०२१ च्या भारतीय जाहिरातींच्या अभ्यासातही हेच दिसलं. स्त्रिया पडद्यावर पुरुषांपेक्षा जास्त वेळ असतात, पण साफसफाई, जेवण आणि सौंदर्याच्या वस्तू विकत, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश उजळ वर्णाच्या. म्हणजे स्त्री दिसते भरपूर. आपल्या ओळखीची बाई दिसत नाही.

पुढच्या पानांत नियमांची माहिती आहे, तक्रार कशी करायची ते आहे, आणि इथल्याच तीसेक फलकांचं बारकाईने केलेलं वाचन आहे. वाचकाने ते क्रमाने वाचलं नाही तरी चालेल. फ्लेक्सवाल्यांसाठीचं प्रकरण मात्र आधी वाचा, कारण बदल तिथून सुरू करता येतो आणि त्याला मुंबईच्या परवानगीची गरज नाही. येत्या दिवाळीला तुमच्या दुकानाचा बोर्ड करायला टाकाल तेव्हा फोल्डरमधली बाई नको म्हणा. तुमच्या नेहमीच्या ग्राहकांना विचारा, त्यांची संमती घ्या, त्यांना मानधन द्या, त्यांचा फोटो काढा. आणि ऑपरेटरला फोटो देताना सांगा, रंग आहे तसाच ठेव.